हलगी कुणाची, आखाडा कुणाचा?

माझ्यासारख्या शेतकी खात्यातल्या माणसाने लिहायचे ते बियाणे, खत आणि फवारणी यांवर. पण नोकरीची जवळजवळ तीस वर्षे नाशिक जिल्ह्यातली गावे फिरण्यात गेली. गाव जसे शिवारात दिसते तसे जत्रेतही दिसते, किंबहुना जत्रेत जरा जास्तच उघडे दिसते. म्हणून आज पिकाचे सोडून कुस्तीच्या दंगलीचे चार शब्द सांगणार आहे.

मॅटवरच्या कुस्तीला पंचाची शिट्टी पुरते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणफलक, संपले. मातीतल्या कुस्तीला हलगी लागते. तिथे घड्याळ नसते. पाठ लागेपर्यंत जोड लढत राहते आणि तोवर हलगी बोलत राहते. पैलवान मैदानात फिरायला निघाला की हलगी त्याच्या पुढे चालते. शड्डू ठोकला की तिचा ठेका बदलतो. खडाखडी चालली असेल तर ती सबुरीने वाजते. पकड बसली की तिला घाई होते आणि कुणी चितपट झाला की ती अशी कडाडते की मैदानाच्या पाठीमागे भजी तळणाऱ्यालाही निकाल कळतो. आमच्या एका ओळखीच्या वस्तादांचे म्हणणे असे, की दमलेल्या पोराला खुराकापेक्षा हलगीच जास्त उठवते.

या दंगली बहुतेक चैत्र-वैशाखात का होतात, हे तुम्हाला सांगायला नको. गहू-हरभरा घरात आलेला असतो, द्राक्षाचा हंगाम उरकत आलेला असतो, उन्हाळ कांदा काढून चाळीत चाललेला असतो. हाताला थोडी उसंत आणि खिशात थोडा पैसा, असा काळ वर्षात एकदाच येतो. ग्रामदैवताची जत्रा त्याच वेळी येते, पाहुणेरावळे येतात, लेकी माहेरी येतात. म्हणजे कुस्ती हा नुसता खेळ नाही. पीक, देव, नातीगोती आणि बाजार यांच्या मधोमध ती उभी आहे.

आखाड्याची मातीही शेतकऱ्याने पाहण्यासारखी असते. आपली काळी जमीन ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. ती कुस्तीला चालत नाही. म्हणून तांबडी माती आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे आणि रोज फावड्याने खालीवर करायची. माती दडपली की पैलवानाचे हाड मोडते. शेतातली माती दडपली की मुळाचा श्वास कोंडतो. दोन्हीकडे मशागत एकच.

आता हलगीकडे वळू. लाकडी किंवा लोखंडी कडे, त्यावर ताणलेले बकरीचे कातडे, एका हातात आखूड जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लांब छडी. कातडे सैल पडले की पाचट पेटवून जाळावर तापवायचे. हल्ली कातड्याऐवजी फायबरचे पानही आले आहे. ही हलगी पिढ्यान् पिढ्या कुणी वाजवली? ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्या मांग आणि महार समाजांतल्या माणसांनी. लग्न असो, पालखी असो, दवंडी असो की दंगल, गावाचा आवाज यांच्या हातात होता. पण गावाच्या पंक्तीत यांना जागा नव्हती. सगळ्या मैदानाचे रक्त ज्याच्या छडीवर उसळायचे, तो स्वतः मैदानाच्या कडेला उभा असायचा. कुस्तीत राजकारण आले असे आपण आज म्हणतो. मला वाटते, कोण मध्ये बसणार आणि कोण कडेला उभे राहणार हे ज्या दिवशी ठरले, त्याच दिवशी ते आले.

या मांडणीला धक्का देणारा राजाही आपल्याच महाराष्ट्रात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या गादीवर 1894 ते 1922 अशी अठ्ठावीस वर्षे राज्य केले. 1902 साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याच राजाने देशभरच्या मल्लांना आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना, की पाठीमागे बसलेल्या साध्या माणसालाही डाव दिसावा. राजाश्रय हेही राजकारणच. पण त्या राजकारणाने आखाडा सर्वांना दिसेल असा केला, हे विसरून चालणार नाही.

संस्थाने गेली, राजाश्रय गेला. मग पैलवानाच्या पाठीशी कोण? याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या गोष्टीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत झाल्यावर लागलीच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. मधल्या विश्रांतीचा नियम होता, पण तो ठणकावून सांगायला आपला कुणी अधिकारी जवळ नव्हता. तरीही या गड्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला 1996 साल उजाडावे लागले.

परत आल्यावर त्यांची मिरवणूक निघाली ती मोटारींची नव्हे. शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून लोक आले होते. ढोल, ताशे, लेझीम यांच्या गजरात कराड स्टेशन ते गोळेश्वर ही पंधरा मिनिटांची वाट सात तास चालली. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते. लोकांच्या पैशाने गेलेला माणूस लोकांचा राहिला. तो कुणाच्या फलकावरचा फोटो झाला नाही.

राजकारण म्हणजे नेहमी वाईटच, असे मात्र मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातला खेळ घ्या. बैलांच्या शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा ग्राह्य धरला. शर्यत बंद म्हणजे खिलार गोऱ्ह्याला गिऱ्हाईक कमी, हे शेतकऱ्यांनी लावून धरले म्हणून हा प्रश्न विधिमंडळात पोहोचला. दुसऱ्या बाजूने, जनावराला चाबूक, टोचणी, विजेचा झटका नको हा न्यायालयाचा आग्रहही रास्तच होता. मुक्या जनावराची बाजू मांडायला कुणी तरी हवेच. खेळातल्या तंट्याचा असा निकाल लागत असेल तर राजकारणाला नावे कशाला ठेवायची?

घोटाळा होतो तो दुसरीकडे. खेळ गावाचा आणि थैली दुसऱ्याची, असे झाले की थैलीवाला हळूहळू खेळाचा धनी होतो. राज्याच्या पातळीवर हे आपण पाहिले. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात नाशिक जिल्ह्याकडून लढणारा हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. समोर लातूरचा शैलेश शेळके होता. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या गुरुभावाला खांद्यावर उचलून घेतले. सारे मैदान उभे राहिले. पुढे कुस्तीच्या संघटनेत फूट पडली, दोन गट झाले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. एक पुणे जिल्ह्यात फुलगावला, तिथे सिकंदर शेख जिंकला. दुसरी धाराशिवला, तिथे शिवराज राक्षे जिंकला. दोघेही कसलेले मल्ल, दोघांनीही घाम गाळलेला. पण एका राज्याला एकाच साली दोन केसरी, हे काय पैलवानांनी मागितले होते?

राज्याचे राहू द्या, गावाचे सांगतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावाची दंगल पंचक्रोशीत नावाजलेली. दरवर्षी उंबऱ्यामागे पट्टी गोळा व्हायची आणि त्यातून इनामे लागायची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, तरण्यांच्या भांड्यांवर आणि रोख रकमेवर, शेवटच्या जोडीला फेटा आणि मानाचे इनाम. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती बंदी मे 2024 पर्यंत राहिली. त्या चैत्रात त्या गावात ज्याला विचारावे तो कांद्याचा भावच सांगे. पट्टी कोण देणार? पंच मंडळी बसली. तेवढ्यात एका पुढाऱ्याचा निरोप आला, ‘काळजी करू नका, सगळा खर्च आमचा.’

लोकांना बरे वाटले. अडचणीच्या वेळी कुणी हात दिला तर वाईट का वाटावे? पण जत्रेच्या दिवशी काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. ग्रामदैवताच्या कमानीवर पुढाऱ्याचा फलक लागला, देवाचे नाव त्याच्यामागे गेले. हलगीवाल्यांना सांगावा गेला, की या वेळी डीजे आहे, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. ते तरी आले, कारण त्यांच्या वाडवडिलांनी कधी जत्रा चुकवली नव्हती. भिंतीएवढे कर्णे लागले आणि त्यावर सिनेमाची गाणी. डीजेला डाव कळत नाही. खालच्याने वरच्याला उलथवले तरी गाणे आपले तसेच चालू! पोरे नाचत होती ती आखाड्याकडे पाठ करून. बरे, शेवटची जोड अंगाला माती लावून पाच वाजता तयार होती. पाहुणे यायचे होते. ते आले साडेसातला. मग सत्कार, मग भाषण. दोन्ही पैलवान उघड्या अंगाने अडीच तास ताटकळले. तापलेले अंग गार पडले. कुस्ती लागली आणि तिसऱ्या मिनिटाला एकाचा खांदा उखळला. सोळा एकर कोरडवाहू असलेल्या घरातला, नांगर धरणारा हात तो. सहा महिने त्याला औताला हात लावता आला नाही.

खांदा वाट पाहण्यामुळेच गेला, असे छातीठोक मी म्हणणार नाही. पण गार अंगाने जोर केला तर बैलसुद्धा लचकतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

त्या रात्री हलगीवाल्या म्हाताऱ्या बाबांजवळ मी जाऊन बसलो. म्हटले, ‘बाबा, पुढच्या वर्षी पोरांना घेऊन या.’ ते म्हणाले, ‘साहेब, हलगी तापवायला पाचट पुरतं. आम्हाला बसायला कोणी घोंगडी टाकत नाही. पोरं म्हणत्यात, हे वाजवून आपलं काय झालं? मी त्यांना काय सांगू?’ मलाही काही सांगता आले नाही. कारण पोरांचा प्रश्न खरा होता. हलगी टिकली पाहिजे असे आपण म्हणतो, पण ती कुणाच्या गळ्यात टिकली पाहिजे असे म्हणतो? बापाने कडेला उभे राहून वाजवले म्हणून मुलानेही तसेच उभे राहावे, असा आग्रह धरण्यात कला वाचवण्यापेक्षा जुना अन्याय वाचवणेच जास्त असते.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर त्याच गावी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी गेलो, तेव्हा पारावर जत्रेचीच चर्चा चालली होती. गावातले एक जुने जाणते नाना म्हणाले, ‘आपण बियाणं घरचं धरतो ते कशासाठी? दुसऱ्याच्या बियाण्यावर पेरा केला की पुढल्या साली पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं.’ बैठकीला हे पटले. 2025 च्या जत्रेसाठी उंबऱ्यामागे 200 रुपये पट्टी ठरली. ज्याला जमणार नाही त्याने पायलीभर धान्य द्यावे किंवा आखाड्याच्या मातीला एक दिवस हात लावावा. पुढाऱ्यांना निमंत्रण गेले, अगदी सन्मानाने. पण बसायला सगळ्यांबरोबर सतरंजी आणि भाषण कुस्त्या संपल्यावर.

हलगीचाही विचार झाला. आधी मजुरी ठरवायची, ती पैलवानाच्या इनामासारखी जाहीर करायची आणि पहिला फेटा हलगीवाल्यांना बांधायचा. आणि शाळेतली जी पोरे शिकायला तयार असतील त्यांना, मग ती कोणत्याही आळीतली असोत, बाबांनी शिकवायचे. त्याचे वेगळे मानधन. पाच पोरे आली. त्यात पाटलांच्या घरातला एक होता. त्याच्या आजीने आधी कुरकुर केली, पण जत्रेच्या दिवशी नातवाचा ठेका ऐकायला तीच पुढे येऊन बसली.

आणखी एक गोष्ट त्या वर्षी झाली. शाळेतल्या दोन मुलींनी कुस्तीसाठी नाव दिले. बैठकीत शांतता पसरली. पूर्वी आखाड्याच्या आसपासही बायकांनी फिरकायचे नाही असा रिवाज होता. कुणी तरी म्हणाले, ‘मार्च 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. आपण कुठवर मागे राहायचे?’ दुसऱ्याने आपल्याच जिल्ह्याचा दाखला दिला. हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत. डोंगरपाड्यावरची, डोक्यावर पाणी वाहणारी आदिवासी पोर. 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटर धावण्यात कांस्य आणि त्याच साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिसऱ्याला चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा तालुका. तिथला हा पोरगा फौजेत जाऊन नाव वल्हवायला शिकला, 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक घेऊन आला.

यावर मी एवढेच म्हटले, की कविता रानात धावायला निघत होती तेव्हा तिच्या पुढे कुणी हलगी वाजवली नव्हती. पदक आल्यावर सगळेच ढोल वाजवतात. आधी कुणी वाजवले का, हा खरा प्रश्न.

मुलींची कुस्ती लागली, एका नारळावर. हलगी वाजली ती पोरांसाठी वाजते तशीच, ना कमी ना जास्त. एकीने दुसरीला ढाकेवर घेतले आणि मैदानातून जो आवाज उठला त्यात बायकांचा आवाज निम्म्याहून अधिक होता. नारळ फोडून दोघींनी वाटून खाल्ला. आदल्या वर्षी खांदा उखळलेला तो तरुण त्या दिवशी पंचाचे काम करत होता.

बंधू-भगिनींनो, हे गाव काही जगावेगळे नाही. तिथेही भाऊबंदकी आहे, ग्रामपंचायतीची निवडणूक आली की दोन पार्ट्या पडतात, कांद्याचा भाव पडला की माणसे चिडतात. इनामाच्या रकमा पुढाऱ्याने दिल्या होत्या त्यापेक्षा लहान झाल्या आणि बाहेरचे दोन नामांकित पैलवान त्यामुळे आले नाहीत, हेही खरे आहे. काही जणांना अजून ते खटकते. पण कुस्त्या दिवेलागणीच्या आत उरकल्या आणि कुणी ताटकळले नाही.

तुमच्या गावच्या जत्रेची बैठक बसेल तेव्हा चार गोष्टी बघा. पट्टी थोडी असली तरी घरोघरची असू द्या. शेवटच्या जोडीची वेळ पाहुण्यांवर नव्हे, पैलवानांच्या अंगावर ठरवा. हलगीवाल्याची मजुरी आधी बोला आणि त्याला बसायला जागा द्या. आणि एखाद्या मुलीने नाव दिले तर ते वहीत लिहून घ्या. पुढारी आले तर त्यांचे स्वागत करा, चहा द्या. तेही शेवटी आपल्यातलेच. फक्त थैलीची दोरी त्यांच्या हातात जाऊ देऊ नका.

त्या गावात आता जत्रेनंतरच्या पहिल्या शनिवारी मारुतीच्या पारावर जमाखर्च वाचून दाखवतात. गेल्या खेपेला मी हजर होतो. पट्टी इतकी, धान्य इतके, इनामे इतकी, हलगी इतकी, शिकवणीचे मानधन इतके, नारळ इतके. शिल्लक राहिली सातशेचाळीस रुपये. त्याचे काय करायचे यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी आखाड्यासाठी दोन नवी फावडी घ्यायचे ठरले.